व्हेरिकोसीलचं ऑपरेशन, वीर्याचा दर्जा आणि मूल होण्याची शक्यता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. डॉक्टर तपासतात, रिपोर्ट पाहतात, पुढचं सांगतात. मग जोडपं माझ्यासमोर येऊन बसतं आणि डॉक्टरांपुढे जे विचारायला जीभ रेटली नाही ते विचारतं. खालचे प्रश्न तिथलेच आहेत, शक्यतो त्याच शब्दांत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमची स्वतःची तपासणी युरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या प्रजननाचे डॉक्टर) यांच्याकडूनच व्हायला हवी.

व्हेरिकोसील म्हणजे नेमकं काय?

पोटरीवर फुगलेल्या, निळसर, नागमोडी नसा तुम्ही कुणाच्या तरी पायावर पाहिल्या असतील. तसंच काहीसं अंडकोशात, वृषणाच्या वरच्या बाजूला झालं की त्याला व्हेरिकोसील म्हणतात. वृषणाकडचं रक्त वर परत नेणाऱ्या नीलांचं तिथे एक जाळं असतं. त्यांच्यातल्या झडपा नीट मिटल्या नाहीत की वर चढलेलं रक्त पुन्हा खाली उतरतं, साचतं आणि नसा फुगतात. उभं राहिल्यावर हाताला गांडुळांचा गुंता लागावा तसं लागतं, आडवं झालं की ओसरतं. काहींना संध्याकाळपर्यंत जडपणा किंवा ठणका जाणवतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मूल राहत नाही म्हणून तपासणी झाली तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

हा गुप्तरोग नाही आणि हस्तमैथुनामुळे होत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वर्षानुवर्षं मनात हीच भीती घेऊन बसलेली माणसं मला भेटली आहेत.

डावीकडेच का होतं?

शरीराच्या रचनेमुळे. उजव्या वृषणाची नीला सरळ पोटातल्या मोठ्या महानीलेला तिरकी जाऊन मिळते. डावीकडची जास्त लांब असते आणि डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला जवळजवळ काटकोनात मिळते. त्यामुळे तिच्यावर रक्ताच्या उभ्या स्तंभाचा दाब जास्त पडतो. दहापैकी नऊ जणांत व्हेरिकोसील डावीकडे असतं, काहींना दोन्हीकडे.

नस एकाएकी मोठी फुगली आणि आडवं झाल्यावरही ओसरली नाही, विशेषतः फक्त उजवीकडे, तर पोटाची आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी. वर कुठे गाठ असेल तर तिच्या दाबानेही असं होऊ शकतं. हे क्वचित घडतं, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

नसा फुगल्या तर शुक्रजंतू कशाला बिघडतील?

शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. वृषणं पोटाबाहेर पिशवीत असतात ती म्हणूनच. वृषणाकडे जाणाऱ्या धमनीभोवती नीलांचं जाळं असतं, आणि वर परतणारं थंड रक्त आत येणाऱ्या गरम रक्ताची उष्णता काढून घेतं. नीलांमध्ये रक्त साचलं की ही सोय बिघडते. वृषण गरम राहतं, त्याला प्राणवायू कमी मिळतो, आणि पेशींना इजा करणारे ऑक्सिडंट्स वाढतात. परिणामी काऊंट, म्हणजे शुक्रजंतूंची संख्या, कमी होतो, शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, आकार बिघडतो, त्यांच्या आतल्या डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाण वाढतं. एका बाजूच्या व्हेरिकोसीलचा परिणाम दुसऱ्या वृषणावरही होताना दिसतो.

मला व्हेरिकोसील आहे. म्हणजे मला मूल होणारच नाही का?

नाही, तसा अर्थ मुळीच काढू नका. साधारण १०० पुरुषांमध्ये १५ जणांना व्हेरिकोसील असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काहीही उपचार न करता मुलं होतात. मात्र मूल न होणाऱ्या पुरुषांची तपासणी केली तर त्यांच्यात हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे संबंध आहे, पण 'व्हेरिकोसील आहे म्हणून वंध्यत्व' असा सरळ हिशोब नाही. पुढचं सगळं उत्तर वीर्याच्या रिपोर्टवर आणि पत्नीच्या वयावर ठरतं.

पहिलं मूल झालं आहे, मग आता माझ्यात दोष कसा?

हा प्रश्न विचारताना आवाजात थोडा राग असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. व्हेरिकोसीलचा परिणाम काही जणांत हळूहळू वाढत जातो. पंचविशीत जो काऊंट पुरेसा होता तो पस्तिशीत पुरत नाही. एक मूल झाल्यावर पुढचं न होणाऱ्या पुरुषांमध्ये व्हेरिकोसीलचं प्रमाण काही अभ्यासांत ७० ते ८० टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. तेव्हा 'एक झालंय ना, मग हिच्यातच काहीतरी' असं म्हणून पत्नीला एकटीला तपासण्यांना पाठवू नका.

वीर्याचा रिपोर्ट वाचायचा कसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत किमान पातळ्या अशा आहेत : वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के (हाही टक्का सगळ्या शुक्रजंतूंमागे), आणि योग्य आकाराचे ४ टक्के. रिपोर्टमध्ये 'मिलियन' लिहिलेलं असतं. १ मिलियन म्हणजे १० लाख. 'फक्त ४ टक्के नॉर्मल' पाहून घाबरणारे पुष्कळ, पण ४ टक्के हीच खालची मर्यादा आहे.

या मर्यादा कशा आल्या तेही कळलं पाहिजे. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांचं वीर्य तपासलं गेलं, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची रेघ किमान पातळी म्हणून धरली गेली. म्हणजे या रेघेखालीही बाप झालेले पुरुष आहेत. ही पास-नापासाची रेघ नाही.

माझ्या मते रिपोर्टमध्ये सगळ्यात उपयोगाचा आकडा बहुतेक वेळा छापलेलाच नसतो. तो स्वतः काढा : वीर्याचं प्रमाण गुणिले एका मिलिलिटरमधला काऊंट गुणिले हालचालीचा टक्का. उत्तर येतं ते एकूण हालते शुक्रजंतू. समजा वीर्य २ मिलिलिटर, काऊंट ८० लाख, हालचाल २५ टक्के. तर एकूण हालते ४० लाख. ढोबळ मानाने २ कोटींच्या वर नैसर्गिक गर्भधारणेची आशा चांगली, ५० लाख ते २ कोटींमध्ये आययूआय (वीर्य धुऊन गर्भाशयात सोडणं), त्याखाली आयव्हीएफ (बीजांड आणि शुक्रजंतू शरीराबाहेर एकत्र आणून भ्रूण तयार करणं) आणि १५ लाखांखाली इक्सी (एक शुक्रजंतू सुईने थेट बीजांडात सोडणं) असा अंदाज बांधतात. ऑपरेशनचा उपयोग समजून घ्यायला हा आकडा पुढे लागणार आहे.

एकाच रिपोर्टवर काही ठरवू नका. २ ते ७ दिवसांचा संयम (वीर्यपात न होऊ देणं) पाळून, काही आठवड्यांच्या अंतराने किमान दोन तपासण्या हव्यात. मध्ये डेंग्यू किंवा टायफॉईडसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन महिने काऊंट त्यामुळेच पडलेला असू शकतो. ते डॉक्टरांना सांगा.

सोनोग्राफीत 'ग्रेड १ व्हेरिकोसील' आलंय. ऑपरेशन करून टाकू का?

थांबा. आधी हाताने तपासणी झाली आहे का? उबदार खोलीत, उभं करून, श्वास रोखून जोर लावायला सांगून डॉक्टर तपासतात. फक्त जोर लावल्यावर लागलं तर पहिली श्रेणी, जोर न लावता लागलं तर दुसरी, नुसत्या नजरेला दिसलं तर तिसरी. मुळात ही श्रेणी हाताच्या तपासणीची आहे, मशिनची नाही. जे हाताला लागत नाही, फक्त डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दिसतं, त्याचं ऑपरेशन करून मूल होण्याची शक्यता वाढते असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या युरोलॉजी संघटनांच्या मार्गदर्शक सूचनाही अशा व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करू नये असंच सांगतात.

या एका मुद्द्यावर मी हट्टी आहे. केवळ सोनोग्राफीच्या कागदावरून घाईने झालेली ऑपरेशनं मी पाहिली आहेत. सहा महिने गेले, पैसे गेले, काऊंट होता तिथेच.

मग ऑपरेशनचा फायदा कोणाला होतो?

ज्याचं व्हेरिकोसील हाताला स्पष्ट लागतं, ज्याच्या वीर्याच्या रिपोर्टमध्ये दोष आहे, जे जोडपं किमान वर्षभर प्रयत्न करतंय, आणि ज्याच्या पत्नीच्या तपासण्या ठीक आहेत किंवा तिच्यातला दोष उपचाराने जाण्यासारखा आहे, त्याला. या चारही गोष्टी जुळल्या तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा. व्हेरिकोसील जितकं मोठं तितकी सुधारणा सहसा जास्त दिसते. काऊंट उत्तम असेल, दुखत नसेल, तर नुसत्या फुगलेल्या नसांसाठी ऑपरेशनची गरज नाही.

नस बांधणार म्हणजे नसबंदीच झाली ना?

शब्दाच्या साम्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो, विशेषतः घरातल्या मोठ्या माणसांचा. एका जोडप्याच्या घरी आईने ऑपरेशनच्या आदल्या रात्री रडारड केली होती, कारण तिला वाटलं मुलगा नसबंदी करून घेतोय. नसबंदीत शुक्रजंतू वाहून नेणारी नळी, म्हणजे शुक्रवाहिनी, कापून बांधतात. व्हेरिकोसीलमध्ये ती नळी बाजूला सुरक्षित ठेवतात आणि रक्त साचवणाऱ्या फुगलेल्या नीला तेवढ्या बांधतात.

मग रक्त परत कसं जाणार, हा त्यानंतरचा प्रश्न. शुक्रवाहिनीला लगटून असलेल्या बारीक नीला तशाच ठेवलेल्या असतात. त्यांच्यातून परतीचा प्रवाह सुरू राहतो, आणि त्या वाटेने रक्त उलटं खाली येत नाही.

ऑपरेशनच्या पद्धती कोणत्या? कोणती चांगली?

चार वाटा आहेत. पोटाच्या खालच्या भागात वरून नीला बांधण्याची पालोमो पद्धत, १९४९ सालची. जांघेतून केलेली साधी, मायक्रोस्कोपशिवायची पद्धत. दुर्बिणीतून, म्हणजे लॅप्रोस्कोपी. आणि जांघेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली केलेलं ऑपरेशन. याशिवाय टाके न घालता, नळी आत सरकवून नीला आतून बंद करण्याची एम्बोलायझेशनची पद्धत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात.

मायक्रोस्कोपची बाजू घ्यायला कारण आहे. त्या जागी धमनी एखाद्या बारीक दोऱ्याएवढी असते, लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) तर उघड्या डोळ्यांना दिसतही नाहीत. धमनीला इजा झाली तर वृषण आक्रसण्याचा धोका. लसिकावाहिनी बांधली गेली तर पिशवीत पाणी साचतं, म्हणजे हायड्रोसील. एखादी बारीक नीला सुटून राहिली तर व्हेरिकोसील परत येतं. मायक्रोस्कोपमध्ये हे सगळं वेगवेगळं दिसतं. २००९ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले तेव्हा चित्र असं होतं : व्हेरिकोसील परत येण्याचं प्रमाण पालोमो पद्धतीत सुमारे १५ टक्के, लॅप्रोस्कोपीत ४ टक्क्यांच्या आसपास, एम्बोलायझेशनमध्ये १२ ते १३ टक्के आणि मायक्रोस्कोपखाली सुमारे १ टक्का. हायड्रोसील पालोमोमध्ये ८ टक्क्यांच्या वर, मायक्रोस्कोपमध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी. नैसर्गिक गर्भधारणेचं प्रमाणही मायक्रोस्कोपच्या गटात सगळ्यात जास्त, सुमारे ४२ टक्के होतं.

तरीही यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. सर्जनला सरळ विचारा : तुम्ही मायक्रोस्कोपखाली करता का, महिन्याला किती करता, ऑपरेशनच्या वेळी धमनी ओळखायला डॉप्लर वापरता का? हे विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

ऑपरेशननंतर वीर्यात किती सुधारणा होते?

साधारण दहापैकी सहा-सात जणांच्या रिपोर्टमध्ये सुधारणा दिसते. उरलेल्यांत फारसा फरक पडत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मिलिलिटरमागे काऊंट सरासरी १ कोटी २३ लाखांनी वाढला आणि हालचालीचा टक्का सुमारे ११ ने वाढला. सरासरी म्हणजे काहींना याच्या दुप्पट, काहींना शून्य.

आता मघाचा हिशोब पुन्हा करा. २ मिलिलिटर, काऊंट ८० लाखांवरून १ कोटी ६० लाखांवर, हालचाल २५ वरून ३५ टक्क्यांवर गेली असं धरू. एकूण हालते शुक्रजंतू ४० लाखांचे १ कोटी १२ लाख झाले. कागदावर 'काऊंट दुप्पट' इतकंच दिसतं, पण प्रत्यक्षात आयव्हीएफच्या उंबरठ्यावरचं जोडपं आययूआयच्या टप्प्यात आलं. ऑपरेशनचा उपयोग अनेकदा असा, एक पायरी खाली उतरवण्याचा असतो, आणि तोही मोठा आहे : खर्च कमी, पत्नीच्या पोटावर इंजेक्शनं कमी.

डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाणही ऑपरेशननंतर कमी होताना आढळतं. वारंवार गर्भपात होत असेल किंवा आयव्हीएफ एकाहून जास्त वेळा फसलं असेल, तर ही वेगळी तपासणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

फरक कधी दिसतो? महिना झाला, रिपोर्ट तसाच आहे.

एक शुक्रजंतू पूर्ण तयार व्हायला सुमारे ७० दिवस लागतात, आणि बाहेर येण्याआधी त्याचा आणखी दहा-पंधरा दिवसांचा प्रवास असतो. म्हणजे आज तुमच्या वीर्यात जे आहेत, त्यांची पेरणी तीन महिन्यांपूर्वी झाली. ऑपरेशननंतर पहिली तपासणी तीन महिन्यांनी करा, दुसरी सहा महिन्यांनी. महिन्याभरात रिपोर्ट काढून निराश होऊ नका. तो रिपोर्ट ऑपरेशनच्या आधीच्या वृषणाचा आहे. सहा महिन्यांपर्यंत बरीचशी सुधारणा दिसून जाते. ज्यांना दिवस राहायचे असतात त्यांना बहुतांशी पहिल्या वर्षभरात राहतात.

काऊंट वाढला म्हणजे मूल होणार, हे नक्की ना?

नक्की असं कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून सावध राहा. या प्रश्नावर वैद्यकशास्त्रातच बराच काळ वाद चालला आहे, आणि तो वाचकांपासून लपवावा असं मला वाटत नाही.

गोष्ट सुरू होते एडिनबराच्या सर्जन टुलॉक यांच्यापासून. १९५० च्या दशकात त्यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली : वीर्यात शुक्रजंतू शून्य, दोन्हीकडे व्हेरिकोसील, ऑपरेशन झालं, शुक्रजंतू दिसू लागले आणि पत्नीला दिवस गेले. तेव्हापासून जगभर हे ऑपरेशन वंध्यत्वासाठी होऊ लागलं. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाचं ऑपरेशन करायचं आणि दुसऱ्याचं नाही, असे काटेकोर प्रयोग कमीच झाले, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या ४५ जोडप्यांच्या अभ्यासात ऑपरेशनच्या गटात पहिल्या वर्षात ६० टक्क्यांना दिवस राहिले, दुसऱ्या गटात १० टक्क्यांना. त्याच दशकात जर्मनीतल्या १२५ जोडप्यांच्या अभ्यासात उपचार झालेल्यांत २९ टक्के आणि नुसतं समुपदेशन मिळालेल्यांत २५ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. २०११ साली सौदी अरेबियातल्या १४५ पुरुषांच्या अभ्यासात मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन झालेल्या गटात ३२.९ टक्के, आणि न झालेल्या गटात १३.९ टक्के.

यातून मी जोडप्यांना काय सांगतो? फायदा आहे, पण तो योग्य निवड झालेल्यांत आहे. आणि सगळ्यात चांगल्या निकालांतही बऱ्याच जणांना वर्षभरात दिवस राहिलेले नाहीत. सौदी अभ्यासातली दुसरी बाजूही पाहा : ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यातल्या १०० पैकी १४ जणांना तसंच यश आलं.

पत्नीचं वय ३६ आहे. ऑपरेशन करावं की सरळ आयव्हीएफ?

माझ्यासमोर येणारा सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि याचं उत्तर पुरुषाच्या रिपोर्टमध्ये नाही, पत्नीच्या बीजांडांच्या साठ्यात आहे. ऑपरेशन केलं की निकाल कळायला सहा महिने, दिवस राहण्याची वाट पाहायला वर्ष. पत्नी २८ वर्षांची असेल, एएमएच (बीजांडांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) चांगला असेल, तर हे वर्ष परवडतं. ३६-३७ व्या वर्षी, साठा कमी असताना, तेच वर्ष फार महाग पडतं, कारण त्या वयात बीजांडांची संख्या आणि दर्जा दोन्ही वेगाने घसरतात. अशा वेळी थेट आयव्हीएफ किंवा इक्सी हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. काही जोडपी दोन्ही बरोबरीने करतात : आधी भ्रूण गोठवून ठेवायचे, मग ऑपरेशन.

म्हणून माझी विनंती अशी की नवरा युरोलॉजिस्टकडे आणि बायको स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, दोघं वेगळ्या दिवशी, वेगळ्या फायली घेऊन, असं करू नका. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही फायली दाखवा. पत्नी ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर वाट पाहण्याऐवजी सहा महिन्यांतच दोघांची तपासणी सुरू करा.

काऊंट शून्य आहे. तरी ऑपरेशनचा उपयोग होईल?

होऊ शकतो, पण आधी शून्य का आहे ते शोधावं लागतं. नळी कुठे तुंबली असेल तर व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून काहीच साधणार नाही. एफएसएच (वृषणाला शुक्रजंतू बनवायला लावणारं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन, गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्रातला तुकडा गळालाय का याची तपासणी, एवढं आधी झालं पाहिजे. वृषणातच निर्मिती कमी असलेल्या पुरुषांत, ऑपरेशननंतर वीर्यात शुक्रजंतू दिसू लागण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १०० पैकी ४० च्या आसपास आहे. मात्र बायोप्सीत, म्हणजे वृषणाचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, निर्मितीच्या पेशी मुळातच नाहीत असं आढळलं, तर ते प्रमाण बरंच खाली जातं. त्यातही आलेले शुक्रजंतू सहसा थोडे असतात आणि नैसर्गिक गर्भधारणा क्वचितच होते. फायदा असा की इक्सीसाठी वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्रजंतू काढण्याची वेळ टळू शकते.

शून्यावरून काही शुक्रजंतू दिसले की ते लगेच गोठवून ठेवा. काही जणांत ते काही महिन्यांनी पुन्हा नाहीसे होतात, आणि तेव्हा हळहळण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

ऑपरेशनऐवजी गोळ्या, आयुर्वेदिक औषध, प्रोटीन पावडर चालेल?

फुगलेल्या नसा औषधाने आत जात नाहीत. अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा खप मोठा आहे, पण अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन काटेकोर अभ्यासांनी निराशाच केली. एकात १७१ जोडप्यांतल्या पुरुषांवर अँटिऑक्सिडंट्सची चाचणी झाली, दुसऱ्यात २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांना फॉलिक ॲसिड आणि झिंक दिलं. मुलं जन्माला येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. डॉक्टरांनी काही महिने गोळ्या दिल्या तर घ्या, पण त्यांच्या भरवशावर वर्षं घालवू नका. लेबल नसलेली भस्मं आणि चूर्णं तर नकोच.

एक गोष्ट मात्र मी ठणकावून सांगतो. जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं शुक्रजंतूंची निर्मिती बंद पाडतात. बाहेरून हार्मोन आला की मेंदू वृषणाला काम थांबवायला सांगतो. मूल हवं असेल तर ती तत्काळ बंद करा आणि डॉक्टरांना खरं सांगा. त्यांना तुमचा न्याय करायचा नसतो, उपचार करायचा असतो. तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडा. मांडीवर लॅपटॉप नको, रोजची कढत पाण्याची टबबाथ नको.

याचा संभोगाच्या ताकदीवर परिणाम होतो का?

व्हेरिकोसीलमुळे ताठरता जात नाही आणि ऑपरेशनमुळेही जात नाही. वीर्याचं प्रमाणही तेवढंच राहतं. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं त्यांच्यात ऑपरेशननंतर ते काही प्रमाणात वाढलेलं दिसतं, पण फक्त तेवढ्यासाठी हे ऑपरेशन करून घ्यावं असं मी म्हणणार नाही.

किती दिवस सुट्टी लागेल?

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. बैठं काम असेल तर चार-पाच दिवसांत रुजू होता येतं. गोण्या उचलणं, ट्रॅक्टर, व्यायामशाळा, खड्ड्यांतून लांबचा दुचाकी प्रवास, हे तीन-चार आठवडे टाळा. लंगोट किंवा आधार देणारी चड्डी काही दिवस वापरा. शरीरसंबंध दोन आठवड्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा. थोडी सूज आणि निळेपणा येतो, ओसरतो. ताप, वाढत जाणारी सूज, जखमेतून पू, किंवा असह्य वेदना आल्यास वाट न पाहता दाखवा.

सहा महिने झाले, काहीच फरक नाही. आता?

आधी पुन्हा हाताने तपासणी आणि डॉप्लर : व्हेरिकोसील परत आलंय का? आलं असेल तर मायक्रोस्कोपखाली पुन्हा ऑपरेशन किंवा एम्बोलायझेशन करता येतं. आलं नसेल तर दुसऱ्या ऑपरेशनचा उपयोग नाही. एकूण हालत्या शुक्रजंतूंचा आकडा काढा आणि आययूआय किंवा इक्सीकडे वळा.

माझ्या मुलाचं वय १५. त्याला व्हेरिकोसील आहे. लगेच ऑपरेशन?

बहुतेकांना नाही. वयात येताना व्हेरिकोसील दिसू लागणं सर्रास घडतं. दर सहा महिने किंवा वर्षाने दोन्ही वृषणांचा आकार मोजतात. व्हेरिकोसीलच्या बाजूचं वृषण दुसऱ्यापेक्षा २० टक्क्यांहून अधिक लहान असेल आणि तसंच राहत असेल, किंवा सतत दुखत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. त्याला समोर बसवून समजावून सांगा; या वयात शरमेने मुलं वर्षभर काही बोलत नाहीत.

सैन्य किंवा पोलीस भरतीच्या मेडिकलमध्ये व्हेरिकोसील निघालं तर?

सातारा, कोल्हापूरकडची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत व्हेरिकोसीलमुळे अपात्र ठरवलं जाऊ शकतं, म्हणून काही मुलं आधीच ऑपरेशन करून घेतात. त्या भरतीचे त्या वर्षीचे नियम वाचा, ऑपरेशननंतर किती काळ जायला हवा ते पाहा आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. हा निर्णय नोकरीचा आहे, मूल होण्याशी त्याची गल्लत करू नका.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं?

वीर्याचे सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, डॉप्लर असेल तर त्याचं फिल्मसकट पाकीट, पत्नीचा एएमएच, सोनोग्राफी आणि थायरॉईडचे रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं (जिममधलीसुद्धा), लहानपणी गालफुगी किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर त्याची आठवण, आणि दोघांना सोयीची अशी तारीख, म्हणजे दोघंही बरोबर येतील.